गोधडीच्या पोटातलं पांढरं

मराठी घरात पांघरुणाची खरेदी निघाली, की दुकानदाराला भावाच्याही आधी ऐकावं लागतं, ‘यात जरा मळखाऊ काही दाखवा.’ दुकानदाराला हे पाठ असतं. मोतिया, दुधी, फिकट आकाशी असे ढीग तो मुकाट्याने मागे सारतो आणि विटकरी, कॉफी, बाटलीहिरवा असे ढीग पुढे ओढतो. मळखाऊ चादर मळत नाही, असा कोणाचाच समज नसतो. ती मळते, फक्त बोभाटा करत नाही. पांढरी चादर मात्र चहाच्या कपाचं बूड कुठे टेकलं होतं, ते आल्यागेल्याला पहिल्याच दिवशी दाखवते. घरातल्या गोष्टी घरातच राहाव्यात असं मानणाऱ्या कुटुंबाला असलं चहाडखोर कापड परवडत नाही.

त्यामुळे एखाद्या बाईने पांढऱ्या कापडाची गोधडी शिवायला काढली, की घरचे तिच्याकडे काळजीने बघू लागतात. ‘पांढरी? आणि पांघरायची कोणी?’ असं सासूबाई विचारतात. ‘आणि धुवायची कोणी?’ असं मात्र कोणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत असतं.

गंमत अशी, की पांढरं कापड गोधडीला अजिबात नवीन नाही. ते पिढ्यान् पिढ्या तिथेच आहे. आत आहे, म्हणून दिसत नाही, इतकंच.

गोधडीवर लिहायचं म्हटलं की मराठी लेखणीला पाझर फुटतो. आईची माया, आजीचा पदर, थंडीची रात्र हे सगळं ओळीने हजर होतं. त्या विषयावर गरजेपेक्षा थोड्या जास्तच कविता झालेल्या आहेत. इथे मुद्दा मायेचा नसून कापडाचा आहे, आणि कापडाचा हिशेब मायेपेक्षा बराच रोखठोक असतो.

जुन्या घरातली दांडी डोळ्यांपुढे आणावी. बाईची नऊवारी लुगडी हिरवी, जांभळी, तांबडी, एखादी काळी चंद्रकळा. पुरुषाचं धोतर पांढरं, पंचा पांढरा, उपरणं पांढरं, सदरा पांढरा आणि टोपीही पांढरीच. दोघांचे कपडे विरले की एकाच बोचक्यात जायचे. गोधडी शिवायला बसलं की त्यातलं लुगडं वरखाली लागायचं, कारण ते गडद, भरपूर लांब आणि मळखाऊ. मधल्या थरांत धोतरं, पंचे आणि सदऱ्यांच्या पाठी जायच्या. म्हणजे जन्मभर ओसरीवर बसून ‘घर मीच चालवतो’ असं समजणारा पुरुष गोधडीत मात्र आतल्या खोलीत गेला आणि माजघरातली बाई दर्शनी आली. या सामाजिक क्रांतीची नोंद कुठल्याही समाजसुधारकाच्या नावावर नाही.

धोतराला आत घालण्यात त्याचा अपमान मुळीच नव्हता. कोऱ्या कापडाला खळ असते आणि पाणी लागलं की ते आटतं. मांजरपाटासारखं कापड तर पाण्यातून काढल्याशिवाय बेतायला घेणं म्हणजे भांडण विकत घेणं. वरचा थर एका मापाचा, आतला दुसऱ्या मापाचा आणि पहिल्या धुण्यानंतर गोधडीला सुरकुत्या. आजोबांच्या धोतराचं जे काही आटायचं ते आजोबांच्या अंगावरच आटून झालेलं असतं. खळ केव्हाच गेलेली, सूत मऊ पडलेलं. चार-पाच थर एकावर एक घातले तरी सुई विनातक्रार आरपार जाते. कडेपासून आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत मधोमध यायचं, ही गोधडीची नेहमीची चाल. गडद लुगड्यावर तो जाड पांढरा दोरा उठून दिसतो. बाहेर दिसायची मुभा मिळालेलं पांढरं काय ते तेवढंच.

पोटातलं पांढरं बाहेर डोकावू लागलं, की ती गोधडी जुनी झाल्याची खूण. म्हणून कोणी ती टाकून देत नसे. वरून आणखी एक लुगडं चढवलं जायचं. अशी दोन-तीन वेळा डागडुजी झालेली गोधडी भिजली की तिचं वजन काय होतं, ते तिला उचलणारेच जाणतात. घटस्थापनेच्या आधी गावोगाव गोधड्यांची धुणी निघतात. नदीकाठ, ओढा, विहिरीवरचा हौद, जिथे पाणी असेल तिथे बायका जमतात. एक टोक सासूच्या हातात, दुसरं सुनेच्या, आणि दोघी विरुद्ध दिशांना पीळ देतात. वर्षभर जे तोंडाने साधलं नाही ते या एका कामात साधून जातं. तोवर लुगड्याचा लाल रंग उतरून आतलं धोतर गुलाबी झालेलं असतं, पण ते कोणाला कळणार? गुलाबी धोतर नेसायला आजोबा तयार झाले नसते. गोधडीत गेल्यावर त्यांचं मत कोणी विचारत नाही.

या सगळ्या मळखाऊ व्यवस्थेला घरात एकच अपवाद असतो, तो म्हणजे तान्हं मूल. घरात सर्वांत जास्त ओलं, चिकट आणि पिवळं करणारा माणूस हाच, आणि पांढरी, मऊ, धोतराची दुपटी मिळणार तीही यालाच. वरवर हा वेडेपणा वाटतो. पण पांढऱ्या कापडावर मुंगी दिसते, रक्ताचा ठिपका दिसतो, शी-शूचा रंग दिसतो, आणि ते कापड उकळत्या पाण्यात घातलं तरी रंग जायची भीती नसते, कारण जायला रंगच नसतो. चहाडखोरपणाचा असा फायदा करून घ्यायचा, हे बाळंतिणीच्या खोलीत सर्वांना कळतं. खोलीबाहेर आलं की परत विटकरी.

बंगालमध्ये नेमकं उलटं झालं. तिथल्या बाईची रोजची साडीही पांढरी, काठ तेवढा लाल किंवा निळा. नवऱ्याचं धोतरही पांढरं. बोचकं सोडलं तर आत बहुतेक सगळं पांढरंच. मग लपवणार कोणाला आणि कोणाच्या आड? तिथली गोधडी, म्हणजे कांथा, म्हणूनच पांढऱ्या तोंडाने जगापुढे आली. साडीच्या काठातून रंगीत दोरे एकेक करून ओढून काढायचे आणि त्याच दोऱ्यांनी त्याच साडीवर कमळ, हत्ती, रथ, मासे भरायचे. नक्षी भरून झाल्यावर मधल्या मोकळ्या जागेत पांढऱ्याच दोऱ्याने बारीक धावदोरा घालत जायचं. पांढऱ्यावर पांढरा दोरा दिसत नाही, पण कापड ओढलं जातं आणि त्यावर बारीक लाटा उठतात. कांथेवरून हात फिरवला की बोटांना त्या लागतात. नक्षी डोळ्यांसाठी असते. हे काम फक्त हाताला कळतं.

पांढऱ्यावर केलेलं दिसतं, त्यामुळे बंगालच्या बायकांनी तिथे बरंच काही मांडून ठेवलं. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी दासी यांची एकोणिसाव्या शतकातली कांथा आहे. ती त्यांनी वडिलांसाठी शिवली आणि तसं कांथेवर टाक्यांनी लिहूनही ठेवलं. आपल्याकडच्या गोधड्या कोणी शिवल्या ते सांगणाऱ्या पिढ्या निघून गेल्या, की गोधडी अनामिक होते. गडद लुगड्यावर सही करणार तरी कुठे? बंगाली कवी जसीमुद्दीन यांचं कांथेवरचं दीर्घकाव्य १९२९ सालचं. त्याला निमित्त झालं ते हे पांढरं पांघरूणच. मळखाऊ चादरीवर महाकाव्य झाल्याचं कुठल्याच भाषेत ऐकिवात नाही.

बंगालच्या या कामाची पोर्तुगीजांनाही भूल पडली. सोळाव्या-सतराव्या शतकांत सातगाव-हुगळीकडून ‘कोल्चा’ म्हणून ओळखली जाणारी पांघरुणं जहाजांतून लिस्बनला जात. पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर रानरेशमाची गच्च भरतकामं, त्यांत शिकारी, जहाजं, बायबलातल्या गोष्टी. त्यांतली काही आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. तिथेच त्याहून जुनं, १३६० ते १४०० च्या सुमारास सिसिलीत झालेलं एक लिननचं पांघरूण आहे. त्यावर युरोपातल्या दंतकथेतल्या ट्रिस्टनची कथा आहे आणि आकृत्यांत मागून कापूस भरून त्या उठवलेल्या आहेत. त्याचा दुसरा भाग फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयात. सहाशे वर्षांनंतरही ते टिकून आहे. त्यावर बसून कोणी वरण-भात खाल्ला नाही, हे त्यामागचं एक कारण असावं.

अमेरिकेत मात्र पांढऱ्याची खरी परीक्षा झाली, कारण तिथल्या बायकांनी त्याच्या शेजारी थेट लाल आणून बसवला. पांढऱ्याच्या शेजारी लाल ठेवायचा म्हणजे लालाची आधी चौकशी करायला हवी. एकोणिसाव्या शतकात ती चौकशी उत्तीर्ण झालेला एक रंग होता, ‘तुर्की लाल’. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून तो काढत. त्यासाठी सुताला खवट तेल, शेण, तुरटी अशा अनेक पाण्यांतून आठवडेच्या आठवडे न्यावं लागे. हे सोसून बाहेर पडलेला लाल मग कशालाच घाबरत नसे, सोड्याच्या पाण्यालाही नाही. शेजारचं पांढरं शुभ्र राहायचं. १८६८ मध्ये दोन जर्मन रसायनतज्ज्ञांनी या रंगाचं मूळ द्रव्य प्रयोगशाळेत बनवलं. पुढे स्वस्त कृत्रिम लालही निघाले आणि त्यांतल्या काहींनी पाण्यात पडताच आपले गुण दाखवले.

या लाल-पांढऱ्या जोडीचा सर्वांत मोठा मेळा मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कला भरला. जोआना रोझ या बाईंनी जन्मभर लाल-पांढऱ्या गोधड्या जमवल्या होत्या. ऐंशीव्या वाढदिवसाला काय हवं, असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा ‘आपल्या सगळ्या गोधड्या एकदम बघायच्या आहेत’ असं त्यांनी सांगितलं. पार्क अव्हेन्यू आर्मरीच्या अवाढव्य दालनात ६५१ गोधड्या छतापासून गोल गोल टांगल्या गेल्या. सहा दिवस, प्रवेश फुकट. दोनच रंग, आणि नमुना एकीचा दुसरीला नाही. आपल्याकडे एखाद्या काकूंनी ऐंशीव्या वाढदिवसाला ‘माळ्यावरचं सगळं एकदा खाली काढून बघायचं आहे’ असं म्हटलं असतं, तर काकांना त्याच संध्याकाळी काहीतरी महत्त्वाचं काम निघालं असतं.

अमेरिकन बायकांनी पांढऱ्याचा आणखी एक उपयोग शोधला, तो म्हणजे वर्गणी. गोधडीच्या प्रत्येक पांढऱ्या चौकोनावर पैसे देणाऱ्याचं नाव शाईने लिहायचं किंवा लाल दोऱ्याने भरायचं आणि जमलेली रक्कम चर्चला द्यायची. शेवटी ती गोधडीच लिलावात काढायची किंवा पाद्रीबाबांना भेट द्यायची. शेजारपाजाऱ्यांची, गिऱ्हाइकांची, भांडकुदळ नातेवाइकांची नावं अंगावर घेऊन तो धर्मगुरू कसा झोपत असेल, हा विचार तेव्हा कोणी केलेला दिसत नाही. नाव घालायची हौस आपल्यालाही आहे. आपण ती स्टीलच्या डब्यांवर भागवली. डबा निदान धुतल्यावर आटत तरी नाही.

गरिबीच्या काळात तिथे पिठाच्या आणि खाद्याच्या सुती पोत्यांनीही गोधड्या शिवल्या गेल्या. पोत्यावरचा कंपनीचा छाप घालवायला बायका त्यावर चरबी चोळत, रॉकेलमध्ये भिजवत, उकळत. तरी एखादं अक्षर उरायचंच. पिठाची जात आणि वजन अस्तरावर अर्धंमुर्धं वाचता येतं, अशी पांघरुणं आजही जपलेली सापडतात. कंपन्यांना पुढे अक्कल आली आणि त्यांनी पोतीच फुलाफुलांची काढली. मग शेतकरी पीठ आणायला निघाला की बायको पोत्याचा नमुना सांगू लागली.

आता पुण्या-मुंबईच्या गोधडी-वर्गांत काय चालतं ते बघावं. इथे गोधडीला क्विल्ट म्हणतात आणि आतल्या कापसाच्या थराला बॅटिंग, त्यामुळे घरातल्या पुरुषांची सुरुवातीला उगाच फसवणूक होते. शिकणाऱ्या बाई लक्ष्मी रोडवर जाऊन ‘पांढरं सुती दाखवा’ म्हणतात आणि फसतात, कारण पांढरं असं एक कापड जगात नाही. दुकानदार विचारतो, ‘ताई, कोरं, दुधी, मोतिया, क्रीम, का एकदम शुभ्र?’ ताईंना वाटतं, पांढरं ते पांढरं. घरी येऊन दोन दुकानांतली दोन पांढरी कापडं शेजारी ठेवली, की एक शुभ्र दिसतं आणि दुसऱ्याला कावीळ झाल्यासारखी वाटते. मघापर्यंत तेही शुभ्रच होतं.

यात डोळ्यांचा दोष नाही. सूत मुळात पिवळसर असतं. नीळ घातली की पिवळ्यावर निळी झाक बसते आणि डोळा फसतो. पूर्वी टिनोपाल घालत, आता गिरणीतच घालतात ती द्रव्यं अतिनील किरण गिळून निळसर उजेड बाहेर टाकतात. म्हणून असं कापड उन्हात चमकतं आणि पिवळ्या बल्बखाली साधं दिसतं. दिवसा एकसारखी जमवलेली गोधडी रात्री ठिगळांची वाटू शकते. उपाय सोपा आहे. सगळं पांढरं एकाच दुकानातून, एकाच ताग्यातून आणि जरुरीपेक्षा मीटरभर जास्त आणावं, कारण तो तागा पुन्हा मिळत नाही.

पुढची फजिती शिवताना. पांढऱ्याला गडद तुकडा जोडला की आतली शिवण इस्त्रीने गडद बाजूला वळवावी लागते, नाहीतर पांढऱ्याखालून काळसर पट्टी दिसते. ते सांभाळलं तरी कापलेल्या कडेचं एखादं काळं तूस कुठेतरी आत राहतंच. गोधडी पुरी होईपर्यंत ते लपून बसतं. सगळे थर टाचून, शिवून, कडा बंद झाल्यावर भिंतीवर टांगून फोटो काढायला जावं, तर बरोबर मधल्या चौकोनात ते केसासारखं आडवं पडलेलं असतं. मग बारीक क्रोशाची सुई शिवणीतून आत घालून त्याला बाहेर ओढायचा कार्यक्रम सुरू होतो. घरातलं कोणीतरी येऊन ‘केस आहे का?’ असं विचारतं आणि फुंकर मारतं. त्याला उत्तर मिळत नाही.

रंग जाण्याबद्दल प्रत्येक मावशीकडे एक मंत्र असतो: मिठाच्या पाण्यात भिजव, नाहीतर व्हिनेगर घाल. गिरणीतून कच्चा सुटलेला सुती रंग मिठाने पक्का होत नाही, हे मावशींना सांगायचं धाडस कोणी करत नाही. खरा इलाज म्हणजे शिवण्याआधी प्रत्येक गडद कापड वेगळं धुवायचं, त्याचा ओला कोपरा पांढऱ्या चिंधीवर घासून बघायचा आणि चिंधी रंगली तर ते कापड कितीही आवडलेलं असो, या गोधडीतून वगळायचं. पुढेही धुताना पाणी भरपूर घ्यावं आणि ओली गोधडी घडी घालून बादलीत ठेवू नये. एका लाल तुकड्याला तेवढा एक तास पुरतो.

मराठी स्वयंपाकघराने पांढऱ्यासाठी एक खास शत्रू ठेवला आहे, तो म्हणजे हळद. आमटीचा थेंब पडला की बाई साबण घेऊन धावते आणि साबण लागताच पिवळा डाग लालभडक होतो. इथे पुष्कळजणी धीर सोडतात. प्रत्यक्षात हळद साबणातल्या खाराने लाल होते, इतकंच. स्वच्छ पाण्याने धुतली की पुन्हा पिवळी होते, आणि पिवळी हळद उन्हाला टिकत नाही. वैशाखातलं कडक ऊन दोन-तीन दिवस मिळालं, की डाग बराचसा विरतो. चहाचं तसं नाही. चहा येतो तो राहायलाच.

एवढे उपद्व्याप असूनही मोठ्या हॉटेलांच्या खाटांवर सगळं पांढरं का असतं? वेस्टिन हॉटेलांनी १९९९ मध्ये पांढऱ्याशुभ्र पांघरुणाची खाट आणली आणि रंगीबेरंगी, फुलाफुलांच्या हॉटेली पलंगपोसांचे दिवस भरले. पांढरं एकत्र टाकून ब्लीचमध्ये उकळता येतं, आणि ते धुतलेलं आहे हे गिऱ्हाइकाला न सांगता कळतं. उलट नमुना बघायचा तर आपल्या रेल्वेचा वातानुकूलित डबा आहेच. पांढऱ्या चादरी प्रत्येक प्रवाशानंतर धुवायच्या असतात. काळपट ब्लँकेट किमान महिन्यातून एकदा धुतलं जातं, असं रेल्वेमंत्र्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलं आणि ब्लँकेटला आतून लावायला एक जादा चादर दिली जाते, हेही सांगितलं. म्हणजे ती दुसरी पांढरी चादर कशासाठी असते, हा पुष्कळ प्रवाशांना पडलेला प्रश्न संसदेत सुटला. मळखाऊपणावर सरकारचा किती विश्वास आहे तेही कळलं.

राहता राहिला पुरवठ्याचा प्रश्न. धोतरं नेसणारी पिढी सरत आली. ऑफिसचे पांढरे शर्ट बहुतेक टेरिकॉटचे. त्यांच्या थरात घाम मुरत नाही आणि गोळे मात्र येतात. पुढाऱ्यांची खादी अस्सल सुती असते, पण तिला इतकी खळ असते की ती मऊ पडेपर्यंत दोन निवडणुका जातात. शिवाय खळीच्या कापडाला कपाटात कसर लागते. तेव्हा घरात वडिलांचं किंवा आजोबांचं सुती धोतर उरलं असेल, तर ते गाडी पुसायला देऊ नका. कोमट पाण्यात धुवा, उन्हात वाळवा, आणि या खेपेला ते गोधडीच्या आत न घालता वरच्या अंगाला लावा. आमटी मात्र स्वयंपाकघरात बसूनच जेवा.